लिनक्सचा कारभारी : एका नव्या विद्येची पूर्वपीठिका

इतिहासाच्या व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांची अपेक्षा साधारणतः लढाया, तह आणि राजवाडे यांची असते. आजच्या विषयात यांपैकी एकही गोष्ट नाही. संगणकयंत्राचा कारभार पाहणारा जो मनुष्य, त्याची विद्या आपल्याकडे कशी आली, आरंभी ती कोणाच्या हाती होती आणि पुढे मीरा-भाईंदरसारख्या गावातल्या सामान्य घरापर्यंत ती कोणत्या वाटेने पोहोचली, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न आहे. विषय कोरडा वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या बँकेतील शिल्लक, घरपट्टीची नोंद, सातबाराचा उतारा आणि रुग्णालयातले तपासणीचे कागद ही सर्व आज कोणत्या तरी यंत्रात आहेत, आणि त्या यंत्राची किल्ली कोणा तरी एका माणसाच्या हाती आहे. तो मनुष्य कोण, हे विचारण्याचा अधिकार आपणा सर्वांस आहे.

यंत्र चालते ते कार्यप्रणालीवर. लिनक्स ही अशीच एक कार्यप्रणाली, आणि तिचा कारभार पाहणाऱ्यास इंग्रजीच्या चालीवर सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आम्ही त्याला कारभारीच म्हणणार आहोत. त्याचे काम ऐकले म्हणजे हा शब्द पटेल. यंत्रावर कोणाला प्रवेश द्यावयाचा, कोणास कोणते दप्तर उघडू द्यावयाचे, कोठारात जागा किती उरली, कोण केव्हा आले आणि गेले, नकला कोठे ठेवल्या, बंद पडलेले काम पुन्हा कसे सुरू करावयाचे, हे सर्व त्याने पाहावयाचे असते. काम नीट चालले असता त्याची आठवण कोणालाही होत नाही.

असा कारभार आपणांस नवा नाही. आपल्या महानगरपालिकेच्या हद्दीतच घोडबंदरचा किल्ला उभा आहे. तो पोर्तुगीजांचा; १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला. मराठी किल्ल्यांच्या व्यवस्थेत शिवकाळापासून एक पद्धत होती. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे निरनिराळे अधिकारी एकाच गडावर नेमलेले असत. किल्ल्या आणि हुकमत हवालदाराकडे, हिशेब व हजेरी सबनिसाकडे, धान्य आणि सामान कारखानिसाकडे. हेतू उघड होता : एकाच मनुष्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूला मिळता कामा नये. हीच बुद्धी पुढे बँकांच्या तिजोरीत दिसते. तिजोरीला दोन किल्ल्या, एक कॅशियरजवळ आणि दुसरी अधिकाऱ्याजवळ. दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. हा मुद्दा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण ज्या कार्यप्रणालीतून लिनक्सचा जन्म झाला तिने नेमकी ही व्यवस्था मोडली आणि मग पन्नास वर्षे ती पुन्हा जुळवण्यात घालवली.

त्या प्रणालीचे नाव युनिक्स. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी एका लहानशा, बाजूला पडलेल्या यंत्रावर तिची उभारणी सुरू केली. तिचा गुण असा की एकाच यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू शकत. अनेक माणसे एका छपराखाली आली की माझे-तुझे आलेच. म्हणून प्रत्येक दप्तराला धनी, धन्याचा गट आणि इतर सर्व लोक असे तीन वर्ग ठरवण्यात आले. प्रत्येक वर्गासाठी तीन हक्क : वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे आकडे दिले. एखाद्या दप्तरावर ६४० लिहिले असेल तर धन्याने वाचावे व लिहावे, गटाने फक्त वाचावे आणि इतरांनी तिकडे पाहूही नये, असा त्याचा अर्थ. चार, दोन आणि एक यांच्या बेरजेत कोणतेही दोन निराळे हक्क कधी सारखे येत नाहीत. आणेवारीच्या हिशेबावर वाढलेल्या पिढीला ही युक्ती शिकवण्यास दहा मिनिटे पुरावीत.

परंतु या सर्व नियमांच्या वर त्यांनी एक असामी बसवली. तिचे नाव रूट, म्हणजे मूळ. रूटला कोणताही नियम लागू नाही. तो कोणाचेही दप्तर वाचतो, कोणाचीही किल्ली बदलतो, आणि मनात आणील तर एका ओळीच्या आज्ञेने सगळे कोठार रिकामे करतो. हवालदार, सबनीस आणि कारखानीस हे तिघेही एकाच देहात आले. प्रयोगशाळेत ही गोष्ट चालून गेली, कारण तेथे माणसे थोडी आणि एकमेकांच्या ओळखीची होती. तीच व्यवस्था बँकेत आली तेव्हा काय झाले, ही आपल्या मुंबईची कथा आहे.

बँकांमध्ये यंत्रे आणण्याविषयी रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला. त्याआधी १९८३ मध्ये बँकांचे मालक आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला होता, आणि १९८७ मध्ये दुसरा झाला. ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना हेही आठवेल की संगणक म्हणजे नोकरीवर गदा अशी भीती तेव्हा घरोघर होती. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पोटाच्या प्रश्नावर मनुष्य सावध असतो, ते योग्यच आहे. बँकांनी या यंत्रांसाठी एकाच कंपनीच्या घरच्या प्रणालीऐवजी युनिक्स पसंत केली. त्याचा एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. युनिक्स जाणणाऱ्या माणसांची गरज देशभर एकदम निर्माण झाली, आणि मुंबईत तर बँकांची मुख्यालयेच होती. ज्या कारकुनाने जाड खतावणीत उभ्या बेरजा केल्या होत्या, त्यालाच थोडे शिक्षण देऊन यंत्राजवळ बसवण्यात आले. सकाळी दिवस उघडावयाचा आणि संध्याकाळी दिवस बंद करावयाचा. बेरीज जुळेपर्यंत घरी जावयाचे नाही. मग त्या दिवसाची नक्कल टेपवर घ्यावयाची, टेपवर तारीख घालावयाची आणि ती इमारतीबाहेर सुरक्षित ठेवण्याची तजवीज करावयाची. चर्चगेटहून भाईंदरला परतणाऱ्या उशिराच्या गाड्यांत अशी माणसे पुष्कळ असत.

आणि रूटचे काय? बँकवाल्यांनी त्यावर आपल्या स्वभावाप्रमाणे तोड काढली. रूटचा परवलीचा शब्द कागदावर लिहून पाकिटात घालावयाचा, पाकीट लाखेने मोहरबंद करावयाचे आणि ते अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावयाचे. प्रसंग पडला तर पाकीट फोडावे, कारण नोंदवहीत लिहावे, आणि काम झाल्यावर शब्द बदलून नवे पाकीट करावे. संगणकशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांत या पाकिटाला फारशी जागा मिळालेली नाही. आम्हांला मात्र ते त्या ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते.

बँकांच्या बाहेर या विद्येचे मोठे घर जुहूला होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्वतंत्र झाले, डॉ. श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक होते. शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे एर्नेट हे जाळे उभारण्यात हे केंद्र, पवईची आयआयटी आणि इतर काही संस्था होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील संशोधकांची परदेशी जाणारी टपाले जुहूच्या यंत्रांतून जात. त्या यंत्रांना शक्ती, साथी, कोणार्क अशी नावे होती. १९८९ च्या मे महिन्यात भारताचे 'डॉट इन' हे आडनाव जगाच्या नोंदीत आले, आणि पुढे दीड दशक त्या नोंदवहीचा कारभार जुहूहूनच चालला. सबंध देशाच्या नावांचे दप्तर एका उपनगरातील इमारतीत सांभाळले जात होते, आणि सांभाळणारे काही फार मोठ्या संख्येने नव्हते. २००३ साली ते केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाले. रमणींचे नाव २०१४ मध्ये इंटरनेटच्या जागतिक सन्मानयादीत घेण्यात आले.

येथपर्यंत ही विद्या नेमलेल्या माणसांची होती. बँकेने नेमले, संस्थेने प्रवेश दिला, तरच ती शिकता येई. सामान्य माणसाला तिची पहिली झलक मिळाली ती १५ ऑगस्ट १९९५ नंतर. त्या दिवशी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले. चित्रे दिसणारी जोडणी हवी असेल तर वर्षाला १५,००० रुपये. विद्यार्थ्याला मात्र ५०० रुपयांत एक जोडणी मिळे. तिच्यात चित्र नव्हते. टेलिफोनवरून निगमच्या युनिक्स यंत्राशी गाठ पडे आणि काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकत उभी राही. आता आज्ञा लिहा. काय लिहावयाचे ते कोणी सांगत नसे. 'एल-एस' लिहिले की आपल्या दप्तरांची यादी येते, 'पीडब्ल्यूडी' लिहिले की आपण कोठे उभे आहोत ते कळते, 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले की त्या आज्ञेचे पुस्तक उघडते, हे मुलांनी एकमेकांना विचारून शिकून घेतले. गरिबांसाठी म्हणून जी जोडणी कमी प्रतीची ठेवली होती, तिनेच त्यांना यंत्राची भाषा शिकवली. पंधरा हजारवाल्यांना चित्रे मिळाली आणि पाचशेवाल्यांना विद्या मिळाली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही ते यंत्र दुसऱ्याचे होते. त्यावर आपण पाहुणे. रूट कोणी दुसराच. पाहुण्याला कारभार शिकता येत नाही. घरचे यंत्र आणि घरची प्रणाली कशी मिळाली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

युनिक्सची मालकी अमेरिकेतील टेलिफोन कंपनीची होती. आरंभी विद्यापीठांना तिच्या घडणीचा मजकूर वाचावयास मिळत असे. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स या अध्यापकाने १९७७ साली त्या मजकुरावर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. परंतु १९७९ च्या नव्या परवान्यात कंपनीने वर्गात तो मजकूर शिकवण्यास मनाई केली. मग लायन्सच्या भाष्याच्या छायाप्रती हातोहात फिरू लागल्या. प्रतीवरून प्रत काढताना अक्षरे फिकट होत, तरी लोक वाचत. आपल्याकडे बखरी अशाच उतरून घेतल्या जात. ते पुस्तक उघडपणे छापले जाण्यास १९९६ साल उजाडले. दरम्यान तिघांनी तीन वाटा काढल्या. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या नावाने सर्वांस मोकळी अशी प्रणाली बांधण्याची घोषणा केली. नेदरलँड्समध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स नावाची लहान प्रणाली केवळ शिकवण्यासाठी तयार केली. आणि ती मिनिक्स वापरणाऱ्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी त्याने ती ग्नूच्या परवान्याखाली आणली : कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी, वाटावी, मात्र वाटताना घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यावे. वर्गात शिकवण्यास मनाई झाली नसती तर हे सर्व इतक्या लवकर घडले असते काय, याची आम्हांला शंका आहे.

भारतात लिनक्स घरोघर पोहोचली ती पीसी क्वेस्ट या मासिकाबरोबर येणाऱ्या तबकड्यांतून, १९९६ पासून. त्या उद्योगामागे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावला, कर्मभूमी बंगळूर. २०१३ साली त्यांचे निधन झाले. मासिकाच्या किमतीत ती तबकडी मिळे आणि लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या जुन्यापान्या यंत्रावरही चाले. तिने काय बदलले? भाईंदर पूर्वेच्या एका खोलीत राहणारा मुलगा प्रथमच आपल्या यंत्राचा रूट झाला.

आणि रूट झाल्याबरोबर तो चुकू लागला. नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक अशी : एखादे दप्तर उघडत नाही, 'परवानगी नाही' असे यंत्र म्हणते, तेव्हा वैतागून त्यावर ७७७ हा आकडा घालणे, म्हणजे सर्वांना सर्व हक्क. दार उघडत नाही म्हणून चौकटीसकट काढून टाकण्याचाच हा प्रकार. काम होते, आणि म्हणूनच ती सवय सुटत नाही. जाणता शिक्षक येथे थांबवून विचारतो : हे दप्तर कोणाचे? वाचणारा कोण? त्याला लिहिण्याची गरज आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आकडा आपोआप ठरतो.

दुसरा धडा रोजनाम्याचा. लिनक्स यंत्र काय घडले ते लिहून ठेवीत असते. कोण आले, कोणाला दारातून परत पाठवले, कोणते काम मध्येच मेले. या नोंदी वाचणे कंटाळवाणे असते, त्यांचे मोल केव्हा कळते त्याचे एक उदाहरण सांगतो. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला यंत्राचा कारभार देण्यात आला. यंत्र वापरल्याच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. क्षुल्लक रक्कम म्हणून दुसऱ्याने सोडून दिला असता. स्टॉलने तो सोडला नाही, आणि महिनोन्‌महिने नोंदींचा माग काढीत तो जर्मनीतील हॅनोव्हरच्या एका घुसखोरापर्यंत पोहोचला. तो घुसखोर अमेरिकेच्या लष्करी यंत्रांतून माहिती चोरून सोव्हिएत हेरखात्याला विकणाऱ्यांपैकी होता. बेरीज जुळेपर्यंत घरी न जाणाऱ्या बँकेच्या कारकुनाला या गोष्टीत नवल वाटणार नाही.

तिसरा धडा नकलांचा, आणि तो आपण स्वतः पाहिला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर ठेवलेली यंत्रे पाण्यात गेली आणि त्यांच्या शेजारच्या कपाटात ठेवलेल्या नकलाही त्याच पाण्यात गेल्या. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, आणि कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. नक्कल दुसऱ्या छपराखाली पाहिजे, आणि ती उघडते की नाही हे मधूनमधून उघडून पाहिले पाहिजे. दुसरी अट पहिलीहून अधिक विसरली जाते.

राहता राहिला रूट. त्या मोहरबंद पाकिटाचे पुढे काय झाले? अमेरिकेतील बफेलोच्या विद्यापीठात १९८० च्या सुमारास सुडो नावाची एक लहानशी आज्ञा तयार झाली होती. तिच्या योगाने रूटचा शब्द कोणालाच सांगावा लागत नाही. एकाला फक्त छपाईची व्यवस्था पाहण्याचा हक्क द्यावा, दुसऱ्याला फक्त नकला घेण्याचा. आणि ज्याने जो हक्क वापरला त्याची नोंद त्याच्या स्वतःच्या नावे रोजनाम्यात पडावी. आज लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर सुडो असते, आणि काहींवर तर रूटने थेट प्रवेश करण्याचे दारच मुळात बंद ठेवतात. हवालदार, सबनीस आणि कारखानीस पुन्हा वेगळे झाले ते असे.

आपल्या गावाकडे वळू. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. मिठागरांच्या आणि कोळीवाड्यांच्या गावात वीस वर्षांत एक शहर येऊन बसले. एवढ्या लोकांची घरे, पाण्याच्या जोडण्या, जन्म आणि मृत्यू हे सारे कोठे तरी नोंदले गेले आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत बलाढ्य ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आहे, आणि श्रोत्यांपैकी अनेकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तीच आहे. वापरणारे लाखो असून कारभार जाणणारे मूठभर, ही स्थिती आम्हांला बरी वाटत नाही. मिळकतीची नोंद बदलली गेल्याची तक्रार घेऊन जाणाऱ्या नागरिकाला, त्या दप्तरावर लिहिण्याचा हक्क कोणाला होता आणि रोजनाम्यात काय आहे, एवढे दोन प्रश्न विचारता आले तरी तक्रारीचे वजन बदलते.

भाषेची अडचण सांगितली जाते. ती पूर्वी खरी होती. यंत्रावर देवनागरी धड दिसतही नसे; जुहूच्या केंद्राने इंडिक्स या प्रकल्पात लिनक्सला भारतीय लिप्या शिकवल्या, आणि पुण्यात सांभाळल्या गेलेल्या लोहित या टंकांनी मराठीला विनामूल्य अक्षर दिले. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात. एकेक पाठ सुमारे दहा मिनिटांचा. एका बाजूस ऐकावयाचे आणि दुसऱ्या बाजूस तेच आपल्या यंत्रावर करावयाचे. वर्ग नाही, शुल्क नाही. आज्ञा इंग्रजी अक्षरांतल्याच राहतात, पण त्या थोड्या आहेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला तेव्हा दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले; लोकांनी त्यांतले काही घेतले आणि फारसी 'हवालदार' तसाच चालू ठेवला. रूट आणि सुडो यांचेही तसेच होईल.

शेवटी एका तारखेची नोंद करून ठेवतो. युनिक्सचा स्वतःचा शक आहे. १ जानेवारी १९७० पासून, म्हणजे आपल्या घड्याळात त्या दिवशीच्या पहाटे साडेपाचपासून, ती एकेक सेकंद मोजीत आली आहे, आणि लिनक्सनेही तोच शक चालवला. जुन्या बत्तीस घरांच्या यंत्रांत हा आकडा मावण्याची मर्यादा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. त्यापुढच्या सेकंदाला ती यंत्रे स्वतःला १९०१ सालात समजू लागतील. नव्या यंत्रांत हा दोष दुरुस्त झाला आहे. परंतु पाण्याच्या पंपात, उद्वाहनात, कारखान्यांतल्या जुन्या नियंत्रकांत कोठे कोठे तो दडला असेल ते शोधून काढणे बाकी आहे, आणि ते काम ज्यांना करावे लागेल त्यांतली काही मुले आज भाईंदरच्या शाळांत आहेत.